लाज सुटली तर व्यसन कसं सुटेल? : 'एक बाप' यांना उत्तर

काका,

तुमची प्रतिक्रिया रागाची आहे, पण ती काढून टाकावी असं मला वाटलं नाही. असं वाटणारे पुष्कळ आहेत, ते फक्त लिहीत नाहीत. इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. व्यसन आणि एचआयव्ही दोन्ही असलेल्यांना तोंड लपवायला लावू नका, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, लाज हाच त्यांचा शेवटचा लगाम, तोही काढला तर माणूस मोकाट सुटेल. नवऱ्याकडून लागण झालेली बायको निर्दोष, पण सुई टोचून घेणाऱ्याने दुखणं ओढवून घेतलंय, त्याचं कौतुक कशाला? गुप्ततेचा कायदा म्हणजे अशांना अभय. आणि शेवटी, "मग आम्ही आई-बापांनी काय, त्यांची आरती ओवाळायची?"

लगामापासून सुरू करते. समुपदेशन करताना माझ्यासमोर निर्लज्ज व्यसनी क्वचितच बसला असेल. लाज भरपूर असते. ती काय काम करते ते बघा.

एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्या, चालू असलेला एखादा माणूस दारू पितो. दारू आणि ही गोळी पोटात एकत्र गेली की विष होतं, असं त्याच्या डोक्यात कुणीतरी भरवलेलं असतं. म्हणून ज्या दिवशी प्यायचं त्या दिवशी गोळी नाही. रोज पिणारा असेल तर हिशेब तुम्हीच करा. गोळ्या अशा चुकत राहिल्या की विषाणू वाढतो, आणि पुढे औषधालाही दाद देईनासा होतो. त्याला सांगायचं असतं एवढंच, की प्यायलास तरी गोळी चुकवू नकोस, दारूचं आपण वेगळं बघू. पण त्यासाठी आधी त्याने 'मी पितो' म्हणायला हवं ना? मागच्या खेपेला त्याला कुणी चारचौघांत झापलं असेल, तर तो सांगतो, "छे हो, कधीच सोडली." अशी सोडलेली दारू वर्षानुवर्षं चालते, आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, वाढलेला आला की आम्ही सगळे चकित!

घरी तऱ्हा आणखी वेगळी. डबीचं लेबल खरवडायचं, पाहुणे आले की ते जाईपर्यंत गोळ्या बंद. २००४ पासून हे औषध सरकारी केंद्रात फुकट मिळतं. तरी माणसं जवळचं केंद्र सोडून दुसऱ्या जिल्ह्यात जातात, कारण इथल्या रांगेत ओळखीचं कुणी भेटेल. एसटीच्या तिकिटाला पैसे नसले की तो महिना बुडाला. लगाम आहे खरा, पण तो दारूच्या गुत्त्याकडे जाताना लागत नाही, दवाखान्याकडे जाताना लागतो.

तुम्हाला बायकोची काळजी आहे, मलाही आहे. एकाला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही, अशा १,७६३ जोडप्यांचा अभ्यास नऊ देशांत झाला. त्यात आपल्या पुण्यातलं केंद्रही होतं. २०११ साली निष्कर्ष आला, की औषध लवकर सुरू केलं तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. पुढच्या अभ्यासांतून हेही दिसलं, की व्हायरल लोड चाचणीत सापडणार नाही इतका खाली टिकवला तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. (हे सुईला लावू नका. एक सुई दोघांनी वापरणं धोक्याचंच.) त्या बाईचं रक्षण नवऱ्याच्या रोजच्या गोळीत आहे, आणि तीच गोळी तो लपवतोय, चुकवतोय.

धाक दाखवून झालेला नाही असंही नाही. १९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसूझा या तरुणाला पोलिसांनी उचलून एका जुन्या क्षय रुग्णालयात ६४ दिवस एकटं डांबलं. त्याचा गुन्हा काय? रक्तदान करायचा, तिथे तपासणीत एचआयव्ही निघाला. तेव्हाच्या गोव्याच्या कायद्यात तशी सोय होती आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती वैधही ठरवली. हे पाहिल्यावर आपणहून तपासणीला कोण गेलं असेल? मणिपूरमध्ये सिरिंज सापडली की पोलीस धरत, म्हणून पोरं ती जवळ बाळगेनात. एकच कुठेतरी लपवायची आणि सगळ्यांनी तीच वापरायची. हेरॉइन टोचणाऱ्यांमध्ये एचआयव्ही तिथे झपाट्याने पसरला, त्यात या लपवालपवीचा मोठा हात होता. आज सरकारच्याच कार्यक्रमातून स्वच्छ सुया दिल्या जातात आणि हेरॉइनच्या सुईऐवजी जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिन नावाच्या औषधाची गोळीही मिळते.

निर्दोष कोण आणि दोषी कोण, हा तुमचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला. एकदा अशा दोन रांगा केल्या की प्रत्येकाला आपली रांग सिद्ध करावी लागते. मग त्या निर्दोष बाईलाही नातेवाइकांपुढे, घरमालकापुढे, बाळंतपणाच्या वॉर्डात नवऱ्याची सगळी कहाणी उघडी करावी लागते, "मला त्याच्याकडून झाला हो" म्हणून. आणि तरीही तिचं ताट वेगळं ठेवलं जातंच. 'कुणाकडून झाला?' हा प्रश्न तिलाही चुकत नाही.

कायद्याचं थोडक्यात. २०१७ चा एचआयव्ही कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात गुप्तता आहे, तशीच लागण दुसऱ्याला होऊ नये याची खबरदारी घेण्याची जबाबदारीही त्या माणसावर टाकली आहे. समजावूनही तो जोडीदाराला सांगत नसेल आणि जोडीदाराला मोठा धोका असेल, तर त्याला आधी कल्पना देऊन डॉक्टर किंवा समुपदेशक सांगू शकतात. याला अभय म्हणवत नाही मला.

आता आरतीचं. नका ओवाळू. पैसे हातात देऊ नका, कपाटाची किल्ली स्वतःकडे ठेवा, मारहाण केली तर पोलिसांत जा. तुमच्या घरातलं काय काय विकलं गेलं असेल याचा अंदाज मला आहे, आणि तुमचा राग चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. पण केंद्रात जायचं तिकीट तुम्ही काढून द्या, रात्री एकदा "गोळी घेतलीस का?" एवढं विचारा, आणि ते मामा-काकांसमोर नको. तो बोलत नसेल तर तुम्ही बोला. व्यसनासाठी १४४४६, एचआयव्हीसाठी १०९७. दोन्ही क्रमांकांना पैसे पडत नाहीत.