ओझोनचं भोक थाप नव्हती

'नव्वदच्या दशकात ओझोनच्या भोकाची भीती घातली, आता कुणी नावही घेत नाही. म्हणजे थापच होती, हवामानबदलाचंही तसंच,' असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

सूर्याचे घातक अतिनील किरण अडवणारा ओझोनचा थर अंटार्क्टिकावर पातळ होत असल्याचं, म्हणजेच त्याला 'भोक' पडत असल्याचं, ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1985 मध्ये मोजमापांसह मांडलं. दोनच वर्षांत ओझोन नष्ट करणारी रसायनं बंद करण्यासाठी माँट्रियल करार झाला आणि पुढे जगातल्या प्रत्येक देशाने तो मान्य केला. फ्रिज, एसी, स्प्रेमधले ओझोन नष्ट करणारे सीएफसी वायू टप्प्याटप्प्याने बंद झाले. करारातल्या घातक रसायनांचा सुमारे 99 टक्के वापर थांबला. चर्चा कमी झाली ती उपाय लागू पडला म्हणून.

भोक बुजलेलं मात्र नाही. दर सप्टेंबर-ऑक्टोबरात ते दिसतं, काही वर्षी मोठंही असतं, कारण हे वायू हवेत अनेक दशकं टिकतात. अंटार्क्टिकावरचा थर 1980 च्या पातळीवर यायला 2066 च्या आसपासचं साल उजाडेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

मला सर्वांत आश्वासक वाटते ती 2018 ची घटना. बंदी असलेल्या सीएफसी-11 चं उत्सर्जन पुन्हा वाढल्याचं हवेच्या नमुन्यांतून उघड झालं. माग काढता त्यातला मोठा वाटा पूर्व चीनमधून येत असल्याचं कळलं आणि त्यानंतर ते झपाट्याने घटलं. चोरी झाली, पकडली गेली, थांबली.

कार्बनचा प्रश्न याहून कितीतरी अवघड आहे, हे खरं. पण ओझोनचा दाखला द्यायचाच असेल तर तो प्रयत्नांच्या बाजूने द्यावा लागतो.