पाइनची कुंडी बदलताना

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! जपानी काळ्या पाइनच्या, म्हणजे कुरोमात्सूच्या, बोन्सायची कुंडी बदलायची ती याच सुमारास, कळ्या फुगू लागल्या की. मुरलेल्या झाडाला ही संधी तीन ते पाच वर्षांतून एकदा, म्हणून हौशी माणूस एका दिवसात सगळंच उरकायला बघतो: कुंडी बदलू, फांद्या वळवायला तारही बांधू, सुयांसारखी पानंही उपटू. माझं स्पष्ट मत, त्या दिवशी तारेचं बंडल कपाटात ठेवावं आणि किल्ली शेजाऱ्याकडे द्यावी. मुळं कापली त्याच दिवशी फांद्या पिळल्या, तर झाड सावरणार कशाच्या जोरावर?

आदल्या दिवशी पाणी द्यायचं नाही, ओला गोळा नीट मोकळा होत नाही. झाड कुंडीला बांधणाऱ्या खालच्या तारा कापून कडेने करवतीचं पातं फिरवलं, तरी झाड ढिम्म. मग एकाने खोड धरायचं, दुसऱ्याने कुंडी, आणि दोघांनीही ‘तू ओढ’ म्हणत एकमेकांकडे बघत बसायचं.

गोळा सुटला की मुळांवर पांढरी बुरशी दिसते. नवखा लगेच नळाकडे धावतो. अहो, थांबा! ती मायकोरायझा, मुळांना पाणी आणि फॉस्फरस तीच मिळवून देते. पाइनची मुळं धुऊन उघडी करू नयेत. या खेपेला एका बाजूची जुनी माती काढायची, दुसरी बाजू पुढच्या खेपेला.

नव्या मातीसाठी अकादामा (जपानी दाणेदार माती), प्युमिस आणि लाव्हा (दोन्ही ज्वालामुखीचे सच्छिद्र खडे) समप्रमाणात घ्यायचे, पण चाळून. धूळ नाकात जाते, चहात जाते, म्हणून हे काम टाळलं जातं. पुढे पाणी वरच तुंबलं की दोष खताला.

भोकांतून ओवलेल्या तारेने झाड असं आवळायचं, की खोड हलवलं तर कुंडीही हलावी. डुगडुगणाऱ्या झाडाची कोवळी मुळं फुटता फुटता तुटतात. मग माती आणि चॉपस्टिक: भोसकायची नाही, पिळत पिळत घालायची, मुळांमधल्या पोकळ्या मातीने भरेपर्यंत. मनगट बोलायला लागतं, कुंडी मात्र अजून माती गिळतच असते. शेवटी खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत झारी.

महिनाभर खत नाही, वाऱ्यात ठेवणं नाही, त्या वर्षी उन्हाळ्यात कोंब छाटणंही नाही.

तार हिवाळ्यात. जाडी फांदीच्या साधारण एक तृतीयांश, वेढे 45 अंशांत, आधी जाड फांद्या, मग बारीक. तार सालीत रुतू लागली की उलगडायची नाही, कापायची. उलगडताना फांदी मोडते. महागाची तांब्याची तार कापताना हात अडखळतो खरा. कापाच, भंगारवाला तुकड्यांचेही पैसे देतो.