‘सिस्टरने विचारलं तर सब ठीक म्हणा’ : त्या मेसेजला उत्तर

माजी सैनिकांच्या कुटुंबांच्या गटांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. पॉलिक्लिनिकमधल्या सिस्टर हल्ली झोप, दारू, आत्महत्या असलं काहीबाही विचारतात, त्यांना तसं प्रशिक्षण दिलेलं असतं, तेव्हा सावध राहा आणि ‘सब ठीक’ म्हणून मोकळे व्हा, असा त्याचा सूर. खाली पाच कारणं दिली आहेत. आमच्या घरच्या गटावर तो आला, आणि ज्या वहिनींच्या यजमानांना रात्र रात्र झोप नसते त्यांनीच खाली हात जोडले. म्हणून हे लिहावं लागतंय.

“आत्महत्येबद्दल विचारलं की तो विचार डोक्यात शिरतो.” पाचांतलं सगळ्यात घातक वाक्य हेच. २०१४ साली ‘सायकॉलॉजिकल मेडिसिन’ या नियतकालिकात डाझी आणि सहकाऱ्यांनी १३ अभ्यासांचा आढावा घेतला. नुसतं विचारल्याने आत्महत्येचे विचार लक्षणीय वाढले, असं त्यांतल्या एकाही अभ्यासात दिसलं नाही. विचारल्याने ते कमी होत असावेत, अशीच चिन्हं होती. प्रश्नाने नुकसान होत नाही. तो वाईट पद्धतीने विचारल्याने मात्र होतं, आणि प्रशिक्षण असतं ते त्यासाठीच.

“तसलं काही मनात येत नाही ना?” असं विचारलं तर ‘नाही’ हे उत्तर सिस्टरनेच देऊन टाकलेलं असतं. विचारायचं ते सरळ: “गेल्या दोन आठवड्यांत, मेलेलं बरं किंवा स्वतःला काही करून घ्यावं, असं वाटलं का? किती दिवस वाटलं?” दाराला पडदा, बायको-मुलगा बाहेर. ‘हो’ आलं तर लगेच पुढचं: कसं करायचं ठरवलंय, ते साधन घरात आहे का, कधी, आधी कधी प्रयत्न केला होता का. मग त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, डॉक्टरांना तिथेच बोलवायचं.

नैराश्य ओळखण्याच्या पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या फॉर्ममध्ये प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण असतात, एकूण २७. दहा किंवा जास्त गुण आले की पुढे पाठवायचं, एवढंच लक्षात राहतं आणि घोळ होतो. एखाद्याची बेरीज भरते ५, म्हणून कागद फायलीत जातो. पण त्यातला एक गुण नवव्या प्रश्नाचा, म्हणजे मरणाच्या विचारांच्या याच प्रश्नाचा असतो. तिथे शून्याशिवाय काहीही आलं, तर बेरजेकडे बघायचंच नाही.

“सिस्टर काय डॉक्टर आहे का?” नाही. निदान करायचं नाही, हे प्रशिक्षणात पहिल्या तासालाच सांगतात. तिने फक्त ओळखायचं आणि पाठवायचं. फौजी मानसोपचारतज्ज्ञाकडे आपणहून जात नाही. नोकरीत वैद्यकीय श्रेणी ठरते त्या ‘शेप’मधला पहिला ‘एस’ मानसिक स्थितीचा, आणि तो घसरू नये म्हणून लपवायची सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही. तो येतो बीपीच्या गोळ्या न्यायला. ॲसिडिटी, छातीत धडधड, डोकेदुखी सांगतो. दर महिन्याला त्याचा दंड हातात घेऊन बीपी मोजते ती सिस्टर. दुसरं कोण ओळखणार? हो, एक कबूल करतो: गर्दीत फॉर्म भरायचा म्हणून भरला, तोफखान्यातल्या माणसाला कमी ऐकू येतं हे न बघता ‘सहकार्य करत नाही’ असं लिहिलं, असंही होतं. त्यावर उपाय जास्त प्रशिक्षण हाच आहे.

“रम ही फौजीची झोपेची गोळी, त्यात आजार कसला?” इथे हिशेब करू. दारूचं एक माप म्हणजे साधारण १० ग्रॅम अल्कोहोल, ४२.८ टक्क्यांच्या रममध्ये ते ३० मिलीत येतं. म्हणजे १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सहा मापं. ऑडिट-सी या तीन प्रश्नांच्या चाचणीतला तिसरा प्रश्न नेमका ‘एका वेळी सहा किंवा जास्त’ हाच आहे. म्हणून “एकच घेतो” याला “एक काय? पेग की क्वार्टर?” हे विचारायला शिकवावं लागतं. खरा धोका वेगळाच. हर्नियासाठी भरती झाला, घरच्यांनी ‘सब ठीक’ सांगितलं, दारू अचानक बंद. पहिल्या दोन दिवसांत आकडी (फिट) येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी थरथर, घाम, ताप, भिंतीवर नसलेलं दिसणं. नातेवाईक म्हणतात भुलीचा परिणाम. हा जीवघेणा प्रकार आहे. शेवटचा घोट कधी घेतला हे भरतीच्या वेळीच नोंदलं असेल तर औषधं वेळेवर सुरू होतात, आणि ग्लुकोजच्या आधी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) द्यायचं भान राहतं. घरीसुद्धा रोजच्या पिणाऱ्याची बाटली एका झटक्यात हिसकावू नका.

“सीमेवर नव्हता, त्याला कसला पीटीएसडी?” १९९३ ला किल्लारीत ढिगाऱ्यातून प्रेतं काढणारे जवान कुठल्या सीमेवर होते? पीटीएसडी म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनावर राहिलेल्या आघाताचा आजार. तो ओळखण्याच्या पीसी-पीटीएसडी-५ या चाचणीत आधी अपघात, आपत्ती, डोळ्यांदेखत मृत्यू, असं सगळंच विचारतात, मग महिन्याभरातल्या त्रासाचे पाच प्रश्न. तीन ‘हो’ आले तर पुढे पाठवायचं. काही ठिकाणी चार धरतात.

“नोंद झाली की पेन्शन बंद, बंदुकीचा परवाना रद्द.” उपचार घेतले म्हणून कमावलेली सेवा पेन्शन थांबत नाही, हे थोतांड आहे. परवान्याचं मात्र अर्धं खरं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात मानसिकदृष्ट्या अक्षम ठरलेल्याला परवाना नाकारण्याची, दिलेला काढून घेण्याचीही तरतूद आहे. नुसतं झोप येत नाही म्हटल्याने ती लागू होत नाही. पण गनमनची नोकरी करणाऱ्याला ही भीती वाटणारच, ते समजू शकतो. तरीही घरात बाराबोअर असेल तर ती कुठे आहे, काडतुसं वेगळी ठेवली आहेत का आणि किल्ली कोणाकडे, हे सिस्टरने विचारायलाच हवं. वाईट दिवसांत बंदूक भावाकडे ठेवू नका, त्याचा परवाना नसेल तर तो गुन्हा होईल. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी त्याचा वेगळा कक्ष २०२३ च्या डिसेंबरात पुण्याच्या एएफएमसीत (सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात) सुरू झाला.