परदेशातून: बाझलचा भांडखोर डॉक्टर आणि मराठीतलं एमबीबीएस

घरच्या ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय, एमबीबीएस मराठीत शिकवावं की नाही. काका म्हणतात जर्मन लोक आपल्या भाषेत शिकतात मग आपण का नाही, आणि चुलतभाऊ, जो स्वतः इंटर्न आहे, तो म्हणतो काका उद्या तुमचा ईसीजी 'हृद्‌विद्युत आलेख' म्हणून आला तर कळेल का. मी स्वित्झर्लंडमधल्या जर्मन बोलणाऱ्या बाझलला राहते म्हणून दोघंही मलाच साक्षीला ओढतात.

तर ऐका. याच गावात 1527 मध्ये पॅरासेल्सस नावाचा एक भांडखोर वैद्य शहराचा डॉक्टर म्हणून आला. फ्रोबेन नावाच्या मोठ्या छापखानेवाल्याचा पाय कापायची वेळ आलेली, तो याने वाचवला, त्यातून नोकरी लागली. आणि पठ्ठ्या युनिव्हर्सिटीत लॅटिन सोडून चक्क जर्मनमध्ये लेक्चर द्यायला लागला, वर जूनमधल्या जत्रेच्या होळीत इब्न सीना या जुन्या वैद्याचा, तेव्हा सगळीकडे शिकवला जाणारा ग्रंथ टाकला (हे जाळणं मला तेव्हाही पटलं नसतं). वर्षभरात फीवरून कोर्टाशी भांडला आणि गाव सोडून पळाला.

इथवर काका खूश. पण खाणकामगारांच्या छातीच्या आजारावर पुस्तक लिहिणाऱ्या, औषध की विष ते डोस ठरवतो असं 1538 मध्ये सांगणाऱ्या याच माणसाने 'आर्केउस', 'इलियास्टर' असले स्वतःच बनवलेले शब्द इतके पाडले की 1541 मध्ये तो गेल्यावर लोकांना त्याच्या शब्दांचे कोश छापावे लागले! म्हणजे भाषा लोकांची, आणि कळेना कुणालाच.

मागच्या हिवाळ्यात मी पोट धरून इमर्जन्सीत गेले. कळ येते, मुरडा येतो की नुसतं टोचतंय, हे जर्मनमध्ये सांगताच येईना, शेवटी एक ते दहामधला आकडा सांगितला. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या 'ब्लिंडडार्म', म्हणजे आंधळं आतडं, आणि फाइलमध्ये लिहिलं 'अपेंडिसिटिस'. इथे दोन्ही शब्द चालतात, कुणाला लाज वाटत नाही. मध्य प्रदेशने 2022 मध्ये हिंदीतली एमबीबीएसची पुस्तकं काढली तेव्हा इंग्रजी शब्द तसेच देवनागरीत ठेवले म्हणून लोक हसले, मला तर तेच शहाणपणाचं वाटलं. समजावणं मराठीत करा, लिव्हरला लिव्हर राहू द्या.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. भाऊ म्हणाला, ताई, माझं पोस्टिंग गडचिरोलीत आहे, माझे पेशंट माडिया बोलतात.

काकांचा अजून रिप्लाय नाही.