‘15 दिवसांत बारटेंडर, महिना दीड लाख’: हा मेसेज पुढे ढकलण्याआधी वाचा

ताईने परवा मला एक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, ‘पाटल्या मोडायच्या म्हणतेय, तू काय म्हणतोस?’ मेसेज तुमच्याकडेही आला असेल. हवेत बाटली उडवणाऱ्या मुलाचा फोटो, आणि त्याखाली: दहावी पास पुरे, 15 दिवसांचा कोर्स, क्रूझवर बारटेंडरची नोकरी हमखास, महिना दीड लाख तोही टॅक्स फ्री, मुलींना कायद्याने परवानगी नसल्यामुळे फक्त मुलांसाठी, प्लेसमेंट चार्ज 1 लाख 80 हजार. भाच्याला या कामाची खरोखर ओढ आहे आणि मीही बारच्या मागे उभा राहूनच या धंद्यात शिकलो. म्हणूनच डोकं फिरलं.

आधी त्या पैशांचं बोलू, कारण घर बुडतं ते तिथे. जहाजावरच्या नोकरीसाठी उमेदवाराकडून भरतीची फी घेता येत नाही. 2006 चा मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन हा आंतरराष्ट्रीय करार आहे आणि भारताने तो 2015 मध्ये स्वीकारला. नोकरी मिळवून देण्याचा खर्च थेट किंवा आडून, पूर्ण किंवा थोडासाही, जहाजावर काम करणाऱ्याच्या माथी मारायचा नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. त्याने स्वतः भरायचं ते पासपोर्ट, सीडीसी म्हणजे खलाशाचं पुस्तक, आणि वैद्यकीय दाखला एवढ्यापुरतंच. व्हिसाचा खर्चसुद्धा जहाजमालकाचा. ‘हे इंजिनवाल्यांसाठी असतं’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. जहाजावर कुठलंही काम करणारा माणूस यात धरलाय, बारटेंडर, वेटर आणि केबिन झाडणारासुद्धा.

भारतातून जहाजांवर माणसं पाठवायची तर नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. त्याला आरपीएसएल म्हणतात. महासंचालनालयाचं ऑफिस मुंबईतच, कांजूरमार्गला आहे आणि परवानाधारकांची यादी त्यांच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येते. मेसेजमधल्या नंबरवर मी फोन केला आणि आरपीएसएल नंबर विचारला. समोरचा म्हणाला, ‘आधी टोकन भरा, ऑफिसला आलात की सगळे पेपर दाखवतो.’ परवाना असलेला माणूस नंबर सांगायला टोकन कशाला मागेल?

‘ही प्लेसमेंटची नाही, ट्रेनिंगची फी आहे’ ही पुढची पळवाट. मग कसलं ट्रेनिंग ते पावतीवर लिहून मागा. जहाजावर चढायला एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतले, सुरक्षा कोर्स लागतात: आग विझवणं, पाण्यात तगून राहणं, प्रथमोपचार. ते मान्यताप्राप्त सागरी प्रशिक्षण संस्थेतच होतात. भाड्याच्या हॉलमध्ये बाटल्या झेलायला शिकवणारा त्यांचं सर्टिफिकेट देऊच शकत नाही.

आता ते 15 दिवस. फ्लेअर, म्हणजे बाटल्या उडवणं, ही कला आहे आणि ती येणाऱ्यांचं मला कौतुक आहे. पण भरलेल्या शनिवारी बारवर ऑर्डरींची रांग लागलेली असताना बाटली कोण उडवतो? त्या रात्री लागतं ते वेगळंच. बर्फ संपायच्या आत भरलेला असणं, लिंबं आधीच कापलेली असणं, एकाच टेबलचे चार वेगळे ड्रिंक एकदम तयार होतील असा क्रम लावणं, आणि हे करताना पेगमध्ये थेंबाची चूक न होणं. 750 एमएलच्या बाटलीतून 30 एमएलचे 25 पेग निघतात. प्रत्येक पेगला हात जरासा सैल पडला तर रात्री हिशेबाला दीड-दोन पेग कमी. बिलांची बेरीज, बाटलीत उरलेला माल आणि एक्साइजचं ब्रँडवार रजिस्टर, तिन्ही जुळेपर्यंत घरी जाता येत नाही. हा हात बारबॅक, म्हणजे बारटेंडरचा मदतनीस, म्हणून महिनोन्‌महिने राबल्यावरच बसतो. ग्लास पुसायचे, क्रेट उचलायचे, सिरप बनवायचं, आणि शेजारी उभ्या असलेल्या सिनियरचं मनगट बघत राहायचं.

कुणाला द्यायची नाही, हेही शिकावं लागतं. महाराष्ट्रात बिअर-वाइनला वय 21 आणि कडक दारूला 25. गोव्यात 18 चालतं, त्यामुळे तिकडून आलेली पोरं हमखास गफलत करतात. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातानंतर, अल्पवयीन मुलांना दारू दिली म्हणून पबच्या मालक-व्यवस्थापकांना अटक झाली. आयडी बघायची शिस्त 15 दिवसांच्या कोर्समध्ये कुणी शिकवत असेल तर मला दाखवा.

मुलींना परवानगी नाही, हा तर निव्वळ खोटेपणा. पंजाब एक्साइज कायद्यातली अशी बंदी दिल्लीत लागू होती. सर्वोच्च न्यायालयाने ती 2007 मध्ये अनुज गर्ग खटल्यात घटनाबाह्य ठरवून मोडीत काढली. आणि आपल्या मुंबईत शतभी बासू त्याच्या कितीतरी आधीपासून बारच्या मागे उभ्या आहेत. नंतर त्यांनी बारटेंडिंगची शाळाही काढली.

दहावी पास पुरे, हे मात्र अर्धं खरं. दादरच्या आयएचएम या हॉटेल मॅनेजमेंटच्या संस्थेतली डिग्री उपयोगाची असली तरी ती नसलेले उत्तम बारटेंडर मी पाहिलेत. फक्त क्रूझवर इंग्रजीत मुलाखत होते आणि वर्ष-दोन वर्षांचा मोठ्या बारचा अनुभव सहसा मागतातच. पैशांचंही तसंच. राहणं-खाणं जहाजावर, वर टिप्स, त्यामुळे शिल्लक चांगली पडते, हे मान्य करावंच लागेल. पण ती अनुभवी माणसाची, काँट्रॅक्ट चालू असतानाची.

टॅक्स फ्री तर सरसकट नाहीच. ज्या आर्थिक वर्षाचा टॅक्स वाचवायचा, त्या वर्षात भारतातला मुक्काम 182 दिवसांपेक्षा कमी भरावा लागतो. जानेवारीत चढून जुलैत उतरलात, तर 31 मार्चला काँट्रॅक्टचे दोन तुकडे पडतात आणि तेवढ्यावर दोन्हीपैकी एकही वर्ष बसत नाही.

भाच्याला मी पुण्यातल्या एका हॉटेलात बारबॅकच्या जागेसाठी पाठवतोय. पगार कमी आहे, खोलीभाडं जाऊन हातात फार उरणार नाही. वर्षभर टिकला तर सीडीसीचं बघू.

तुमच्यापैकी कुणी टोकन भरलं असेल, तर दुसरा हप्ता देऊ नका. यूपीआयची नोंद, मेसेज आणि फोन नंबर जपून ठेवा. ऑनलाइन फसवणुकीसाठी 1930 वर लगेच फोन करा, पोलिसांत तक्रार द्या, आणि तिची एक प्रत नौवहन महासंचालनालयालाही पाठवा.