हलके धातू म्हणजे सब घोडे बारा टक्के नव्हे

'अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, टायटेनियम : हलका धातू म्हणजे मऊ धातू. आरशासारख्या फिनिशचे ५ नियम' असा एक मेसेज सध्या सीएनसीवाल्यांच्या (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर धातू कापणाऱ्यांच्या) ग्रुपवर फिरतोय. नियम असे : आरपीएम (मिनिटाचे फेरे) फुल, फीड (एका फेऱ्यात टूल सरकतं ते अंतर) ०.०२ मिमी, नोज रेडियस (टूलच्या टोकाची गोलाई) मोठ्यात मोठा, इन्सर्ट (टूलवर बसवायचा कापणारा तुकडा) स्टील कापायचाच चालेल, आणि 'मॅग्नेशियमची चिप (कापताना निघणारा कीस) पेटलीच तर घाबरू नका, कूलंट सोडा'. पुतण्याने तो मला पाठवून विचारलंय, 'काका, असंच करू ना?' पोरगा मॅग्नेशियमची कास्टिंग्ज मशीन करणाऱ्या शॉपमध्ये नुकताच लागलाय. म्हणून पाचवा नियम आधी घेतो.

पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी टाकायचं नाही, पाण्यात कालवलेलं कूलंटही नाही. जळता धातू पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतो, हायड्रोजन सुटतो, तो भडकतो आणि जळत्या धातूचे तुकडे अंगावर उडतात. सीओटूचा सिलिंडरही उपयोगाचा नाही, त्या वायूतही मॅग्नेशियम जळत राहतं. ज्वलनशील धातूंसाठी अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनचं एनएफपीए ४८४ हे स्वतंत्र मानकच होतं, आता ते एनएफपीए ६६० मध्ये सामावलं आहे. मेसेज लिहिणाऱ्याने ते एकदा उघडलं असतं, तरी हा नियम लिहायला हात धजला नसता. मशीनजवळ क्लास डीची (धातूंच्या आगीसाठीची) पावडर हवी. ती फावड्याने, हलक्या हाताने आगीवर पसरायची. जोराचा फवारा मारला, तर पेटलेल्या चिपा उडून दुसरीकडे आग लागते. वाळू वापरायची तर ती पूर्ण कोरडी हवी. पावसाळ्यात कोपऱ्यातल्या बादलीतली वाळू ओल धरते, आणि ओली वाळू म्हणजे पाणीच.

मुळात चिप का पेटते? त्याचं उत्तर याच मेसेजच्या दुसऱ्या नियमात आहे. फीड ०.०२ ठेवलं की चिप केसासारखी निघते. धातू कमी, हवेला उघडा पृष्ठभाग जास्त. त्यात टूलची धार गेलेली असेल, तर ती कापत नाही, नुसती घासते. एझेड९१ हा मॅग्नेशियमचा मिश्रधातू साधारण ४७० अंश सेल्सियसलाच वितळायला लागतो. जाड चिप उष्णता पोटात घेऊन निघून जाते, बारीक चिप जागीच तापून पेटते. म्हणून मॅग्नेशियमला धारदार टूल, भरपूर क्लिअरन्स (धारेमागची मोकळी जागा) आणि फिनिशिंगलाही ०.१ च्या आसपास फीड. कट संपला की टूल जॉबला (कापायच्या तुकड्याला) टेकवून ठेवायचं नाही, लगेच मागे. चिपा ब्रशने गोळा करायच्या, एअर गनने उडवायच्या नाहीत. कोरड्या चिपा झाकणाच्या लोखंडी डब्यात वेगळ्या, ग्राइंडरची धूळ त्यांच्या जवळपासही नको.

मॅग्नेशियमसाठी खास बनवलेली, पाण्यात मिसळणारी कूलंट्स मिळतात, हे मान्य. पण ती वापरतात तिथे हायड्रोजन बाहेर काढायची सोय केलेली असते, आणि ती कापण्यासाठी असतात, आग विझवण्यासाठी नव्हे.

आता अ‍ॅल्युमिनियम. फीड कमी केलं की फिनिश सुधारतं, हे अर्धसत्य. टर्निंगमध्ये (जॉब फिरवून कापताना) फीडचा वर्ग भागिले नोज रेडियसची ३२ पट, हा आरएचा (पृष्ठभागाच्या सरासरी खडबडीतपणाचा) ढोबळ हिशेब. रेडियस ०.८ मिमी आणि फीड ०.२ मिमी असेल, तर आरए सुमारे १.६ मायक्रॉन. फीड ०.१ केलं की ०.४. याच हिशेबाने ०.०२ ला ०.०१६ मायक्रॉन यायला हवं! कार्बाइडच्या इन्सर्टवर ते येत नाही, कारण धारेलाही स्वतःची गोलाई असते. स्टील कापायच्या कोटेड इन्सर्टची गोलाई ३०-४० मायक्रॉन सहज भरते. तिच्यापुढे २० मायक्रॉनच्या फीडला धातू कापला जात नाही, दाबला जातो, धारेला चिकटतो आणि पुढे जॉबवर ओरखडे काढतो. त्यात इन्सर्ट टायटेनियम-अ‍ॅल्युमिनियम-नायट्राइड कोटिंगचा असेल तर विचारूच नका, त्या कोटिंगमध्येच अ‍ॅल्युमिनियम आहे. ६०६१ किंवा ६०८२ या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंना कोटिंग नसलेला, वरून पॉलिश केलेला, धारदार कार्बाइड इन्सर्ट घ्या. फीड ०.०८ ते ०.१, स्पीड मिनिटाला ३०० मीटरच्या वर. ८० मीटरवर धातू चिकटणारच, म्हणून 'आरपीएम वाढवा' हे अ‍ॅल्युमिनियमपुरतं बरोबर आहे. सिलिकॉन जास्त असलेल्या कास्टिंगचा लॉट मोठा असेल, तर पीसीडी (कृत्रिम हिऱ्याचं टूल).

टायटेनियमला मात्र फुल आरपीएम म्हणजे इन्सर्टचं मरण. ६०६१ च्या तुलनेत टीआय-६एएल-४व्ही हा टायटेनियमचा मिश्रधातू उष्णता जवळजवळ वाहूनच नेत नाही, सगळी उष्णता धारेवर साठते. कार्बाइडला ५०-६० मीटर, आणि भरपूर कूलंट.

नोज रेडियसबद्दल इतकंच : डेप्थ (कापाची खोली) रेडियसपेक्षा फार कमी ठेवली, तर जोर आडवा लागतो, आणि पातळ भिंतीच्या हाउसिंगवर चॅटरच्या (थरथरीच्या) लाटा उठतात. तिथे ०.४ चा इन्सर्ट १.२ पेक्षा चांगलं फिनिश देतो.