‘ठराव केला की दंड लागू’ : सोसायट्यांमध्ये फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो. त्याचा सारांश असा : सहकार कायद्याने कमिटीला पूर्ण अधिकार दिले आहेत, नियम मोडणाऱ्याला लगेच दंड लावा, थकबाकीदाराचं पाणी तोडा, भाडेकरू ठेवणाऱ्याकडून दुप्पट मेंटेनन्स घ्या, बॅचलर आणि कुत्री बंद करा, ठराव झाला की विषय संपला. यावर विसंबून वागणारी कमिटी जिथे तिची बाजू खरी असते तिथेही तोंडावर पडते. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘लगेच दंड लावा.’ दंडाची तरतूद आहे, पण तो ठरवण्याचा अधिकार कमिटीला नाही, सर्वसाधारण सभेला आहे. २०१४च्या आदर्श उपविधींत (सोसायटीच्या कारभाराचे नमुना नियम) हा १६५वा उपविधी (तुमच्या नोंदणीकृत प्रतीत क्रमांक वेगळा असू शकतो, आधी ती प्रत काढा). क्रम असा : कमिटीच्या सांगण्यावरून सचिव सभासदाला नियमभंग लेखी कळवतो. तरीही तो चालू राहिला, तर कारणे दाखवा नोटीस जाते, विषय सभेपुढे येतो, सभासदाला तिथे बोलू दिलं जातं आणि मग सभा रक्कम ठरवते. ती एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त ५,००० रुपये. लॉबीत ‘रोज ५०० रुपये दंड’ असा बोर्ड लावला, तर दहा दिवसांत मर्यादा संपते. आणि सभेचा निर्णय नसेल तर पहिल्या दिवसाचे ५००ही वसूल होत नाहीत.

प्रकरणं बहुतेक वेळा नोटिशीतच फसतात. ‘आपण वारंवार नियम मोडत आहात, सुधारणा करावी’ या वाक्यातून काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी लिहा : ‘तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या वळणावर, आपल्या दाराबाहेर चपलांचं कपाट ठेवलेलं आहे. अमुक तारखेला सकाळी पाहणी केली, फोटो जोडला आहे. उपविधी क्रमांक अमुक. पंधरा दिवसांत हलवावं.’ (पंधरा दिवस ही आमची शिफारस, कपाट हलवायला तेवढे पुरतात.) नोटीस हाती देऊन पोच घ्या. सही नाकारली तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती फाइलला लावा. ग्रुपवर फोटो टाकून नाव जाहीर करणं म्हणजे नोटीस नव्हे. त्याने फक्त वैर वाढतं.

सभेत हा विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळी येणारे विषय’ यात घुसवू नका. विषयपत्रिकेत तो स्वतंत्र हवा. वार्षिक सभेला पूर्ण १४ दिवसांची, विशेष सभेला ५ दिवसांची सूचना लागते. सभासद काय म्हणाला, ते इतिवृत्तात त्याच्या शब्दांत लिहा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : नियम सगळ्यांना सारखा. सहा मजल्यांवर कपाटं असताना, मेंटेनन्सवरून भांडणाऱ्या एकालाच नोटीस गेली, तर कपाट खरोखर वाटेत असूनही कमिटीचा हेतू संशयास्पद ठरतो. एकाच दिवशी सगळे मजले फिरा, एकच यादी करा, एकाच तारखेच्या नोटिसा काढा. अध्यक्षांच्या दारातल्या कुंड्याही त्या यादीत आल्या पाहिजेत. जिना मोकळा ठेवायचा तो आग लागल्यावर माणसं उतरावीत म्हणून, आणि धुराला पदाधिकारी कोण ते कळत नाही.

‘थकबाकीदाराचं पाणी तोडा.’ आदर्श उपविधींत असा अधिकार कुठेही नाही. पाणी तोडलं की थकबाकीदार तक्रारदार होतो आणि पैशांचा विषय मागे पडतो. वसुलीचा रस्ता वेगळा आहे : मागणी नोटीस, खातेउतारा, बिलांच्या प्रती, कमिटीचा ठराव, आणि सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली उपनिबंधकांकडे (सहकार खात्याचे अधिकारी) अर्ज. त्यांच्याकडून मिळालेल्या वसुली दाखल्यावर ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, प्रसंगी फ्लॅट जप्त करूनही. दंडाची रक्कम मात्र बिलात वेगळ्या ओळीत दाखवा. ती मेंटेनन्समध्ये मिसळली की सगळाच आकडा वादात सापडतो.

‘भाडेकरू असेल तर दुप्पट.’ शासनाच्या १ ऑगस्ट २००१च्या आदेशानुसार नॉन-ऑक्युपन्सी शुल्क (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो तेव्हाचं) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. हे सेवाशुल्कावर काढायचं, पूर्ण बिलावर नाही. महापालिकेचे कर त्यात धरायचे नाहीत. सेवाशुल्क २,००० असेल तर २०० रुपये, बस.

बॅचलर भाडेकरूंबद्दल : फ्लॅट भाड्याने देण्यासाठी कमिटीची परवानगी लागत नाही. सभासदाने आठ दिवस आधी सोसायटीला कळवायचं आणि पोलिसांकडे माहिती द्यायची. रात्री गोंगाट झाला, तर नोटीस गोंगाटाबद्दल काढा, लग्न न झाल्याबद्दल नाही.

कुत्र्यांबाबत भारतीय पशुकल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत : बहुमतानेही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही.

‘ठराव झाला की विषय संपला.’ ठराव उपविधींच्या खाली आणि उपविधी कायद्याच्या खाली. उपविधी बदलायचा असेल, तर १४ दिवसांची सूचना, हजर राहून मतदान करणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत आणि त्यानंतर निबंधकांकडे नोंदणी लागते. ती होईपर्यंत जुनाच उपविधी लागू असतो. शिवाय सभासदाला सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जाता येतं. तिथे ठराव पाहण्याआधी नोटिशीची पोच, पाहणीची यादी आणि इतिवृत्त मागितलं जातं.